लाईट गेल्यावरचं वाचन

कांडीआक्का तोंडातून आवाज न काढता गोष्ट सांगायची. यंत्रमाग चालू असले की आमच्या गल्लीत मांडीला मांडी लावून बसलेल्या माणसाचंही बोलणं ऐकू येत नाही. त्या खटखटाटात ती आपल्या मशीनपुढे बसून नुसते ओठ आणि भुवया हलवायची, आणि समोर बसलेली दहा-बारा पोरं एकदम हसायची. त्यांच्या हसण्याचाही आवाज यायचा नाही. कॉलेजातून घरी येताना तिच्या दारातून मला ते दिसायचं आणि माझा राग राग व्हायचा.

राग हा शब्द मी बरेच दिवस वापरला. आईलाही तसंच सांगायचे, की त्या बाईमुळे पोरं अभ्यास सोडून बसतात, मला राग येतो. पण तो राग नव्हता. तो मत्सर होता. आक्काबद्दल लिहायचं तर ते वगळून लिहिता येणार नाही.

आम्ही बेळगावच्या वडगावात राहतो. गल्लीत बहुतेक घरांत दोन-चार यंत्रमाग, त्यावर साड्या निघतात. मागाच्या धोट्यात, म्हणजे आडवा धागा घेऊन इकडून तिकडे पळणाऱ्या लाकडी तुकड्यात, जी सुताची कांडी बसवतात, त्या कांड्या भरून देण्याचं काम आक्का करायची, म्हणून ती कांडीआक्का. तिचं माहेर निपाणीजवळचं बोरगाव. तिथल्या मराठी शाळेत ती पाचवीपर्यंत शिकली होती. कन्नड वाचायला ती लग्नानंतर बसच्या पाट्यांवरून शिकली, असं ती सांगायची. तीस वर्षं मागांच्या आवाजात बसून तिचे कान जवळजवळ गेले होते. त्याचं तिला काही वाटत नसे. "आवाज कशाला पायजे मला? तोंड हाय की तुझं," असं म्हणून ती समोरच्याच्या चेहऱ्याकडे टक लावून बघायची. आपण बोलून संपलो तरी क्षणभर बघतच राहायची, आणखी काही राहिलंय का म्हणून.

आणि मी. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. आप्पा दुसऱ्याच्या मागावर कामाला, आई साड्यांचे धागे तोडून घड्या घालते. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना कॉलेजातून प्रकल्प मिळाला, की आपल्या भागातल्या लहान मुलांचा गट करा, त्यांना सोपे उपक्रम द्या, वाचनाची गोडी लावा. मला तो प्रकल्प माझ्यासाठीच काढलाय असं वाटलं. मी चाळीस शब्दकार्डं केली, त्यांना प्लास्टिक चढवून घेतलं, समाजमंदिराच्या भिंतीवर 'वाचन कोपरा' असा कागद लावला आणि शनिवारी चार वाजताची वेळ ठरवली. पहिल्या शनिवारी चौदा मुलं आली. मी बिस्किटं आणली होती.

दुसऱ्या शनिवारी मी 'घ'चं कार्ड वर धरलं होतं. घर, घंटा, घोडा. इतक्यात लाईट गेली. गल्लीतले माग एकामागून एक थांबले आणि अशी काही शांतता झाली की कोपऱ्यावरच्या गिरणीजवळचं कुत्रं ऐकू यायला लागलं. मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. एक उठला, मग तीन, मग सगळीच चपला हातात घेऊन पळाली. सगळ्यात पुढे माझी धाकटी बहीण तनू, वय वर्षं सहा. मी घोडा हातात धरून उभी.

लाईट गेली की आक्काचं मशीन थांबायचं. तीच तिची मोकळी वेळ. ती ओट्यावर येऊन बसायची, पदराला हात पुसायची आणि पुस्तक उघडायची. गल्लीत लाईट गेल्यावर मालक लोक वैतागायचे, विजेच्या ऑफिसला फोन लावायचे, आणि पोरं मात्र खूष व्हायची. हे वेळापत्रक कुणी ठरवलेलं नव्हतं. कधी दोन दिवस गोष्ट नाही, कधी एका दिवसात तीनदा.

मी तिच्याकडे भांडायलाच गेले. म्हटलं, "आक्का, शनिवारी चार वाजता माझा वर्ग असतो. तेवढा वेळ तरी पोरांना बोलवत जाऊ नकोस."

तिने माझ्या ओठांकडे बघितलं. मग म्हणाली, "मी कुठं बोलावली गं? लाईटनं बोलावली."

ओट्यावरची पोरं हसली. तनूसुद्धा.

आक्काकडे सहाच पुस्तकं होती. रद्दीवाल्याकडून घेतलेली, दोन कन्नड, चार मराठी, एकाचंही मुखपृष्ठ धड नाही. सुटलेली पानं तिने मागावरच्या दोऱ्याने शिवली होती, आणि पिवळ्या दोऱ्याचं पुस्तक, निळ्या दोऱ्याचं पुस्तक अशी पोरं त्यांना ओळखत. ती सहा पुस्तकं संपून कितीतरी वर्षं झाली होती. मग ती चित्र तेच ठेवून गोष्ट बदलायची. शेळीचं एक चित्र होतं, त्यावरून तिने शेळीला निपाणीच्या बसमध्ये बसवलं होतं. कंडक्टर तिकीट मागतो, शेळी त्याचं तिकीट खाते. इथे ती पुस्तक मिटायची आणि विचारायची, "मुंद एनातु? पुढं काय झालं सांगा." गल्लीत निम्मी पोरं कन्नड शाळेत, निम्मी मराठी शाळेत. ज्याला ज्या भाषेत सुचेल त्याने त्या भाषेत सांगायचं. एकदा शेळी संकेश्वरच्या स्टँडवर उतरली आणि तेवढ्यात लाईट आली. आक्का उठून मशीनवर गेली. शेळी दोन दिवस संकेश्वरलाच राहिली. त्या दोन दिवसांत आमच्या घरी जेवताना, नळावर, शाळेच्या रिक्षात एकच चर्चा, की शेळी आता काय करणार. तनूने आप्पांना विचारलं, "संकेश्वरात शेळीला पाला कुठं मिळंल?" आप्पा दमून आलेले, पण ते विचारात पडले आणि म्हणाले, "बाजारादिवशी मिळंल की."

माझ्या चाळीस कार्डांबद्दल आप्पांनी कधी काही विचारलं नव्हतं.

माग चालू असताना आक्काचं दुसरं काम चालायचं. साडीच्या कडेचे उरलेले दोरे ती पोरांपुढे टाकायची आणि रंगांचे ढीग करायला लावायची. ते झालं की सुताला लावायच्या खळीत दोरा बुडवून पुठ्ठ्यावर त्याचं अक्षर चिकटवायचं. वाळलं की डोळे झाकून त्यावर बोट फिरवायचं आणि ओळखायचं. पुठ्ठ्याच्या एका बाजूला मराठी क, दुसऱ्या बाजूला कन्नड क. "पोरगं कुठल्या बी शाळंला जाऊ दे," ती म्हणायची, "क तो कच की." हा उपक्रम मी माझ्या प्रकल्पाच्या वहीत क्रमांक तीन म्हणून लिहिला. कुणाचा, ते लिहिलं नाही. सरांनी शेजारी 'कल्पक' असा शेरा दिला. तो शेरा मी घरी कुणाला दाखवला नाही, पण वहीसुद्धा फाडली नाही.

सगळ्यात जास्त मला खुपायचं ते तनूचं. तनू बुजरी आहे. शाळेत बाई विचारतात तेव्हा तिच्या तोंडून शब्द फुटत नाही. माझ्या वर्गात तर ती खाली मान घालून बसायची. मी तिची सख्खी बहीण, तिची वेणी मी घालते, आणि माझ्यापुढे ती एक ओळ वाचत नव्हती. आक्कापुढे मात्र ती वाचायची. मोठ्याने नाही, ओठांनी. बोट शब्दाखाली, ओठ हलतायत, आणि आक्का तिच्या तोंडाकडे बघत मान डोलावतेय. चुकलं की आक्का भुवई उचलायची, तनू मागे जाऊन पुन्हा म्हणायची. मागांच्या त्या गोंगाटात माझी बहीण अख्खं पान वाचायची आणि कुणाला ऐकू जात नव्हतं. तिला कदाचित तेच आवडत असावं.

असं बोलणं आमच्या गल्लीत सगळ्यांनाच येतं. मलाही यायचं. पण कॉलेजात पहिल्या महिन्यात मैत्रिणी म्हणाल्या, बोलताना तू एवढं तोंड का वेडंवाकडं करतेस? तेव्हापासून मी आरशासमोर उभी राहून ओठ कमी हलवून बोलायला शिकले. आक्काने ते सगळ्यात आधी ओळखलं. "तुझं तोंड आता कळंना झालंय गं," ती एकदा म्हणाली, "कालेजात जाऊन मिटलंय." मला ते लागलं. मी म्हटलं, शिकलेली माणसं अशीच बोलतात. तिने माझ्याकडे टक लावून बघितलं आणि म्हणाली, "परत म्हण. कळलं न्हाय."

त्याच वर्षी शहरातल्या एका संस्थेबद्दल कॉलेजात कळलं. लहान मुलांचा वाचनगट चालवणाऱ्याला ते पुस्तकांची पेटी देत. साठ नवी पुस्तकं, मराठी आणि कन्नड, शिवाय दर तीन महिन्यांनी नवीन भर. गल्लीत एकच पेटी मिळणार होती. मी अर्ज केला. संस्थेच्या दोन मॅडम येऊन मुलांचं वाचन बघणार होत्या. आई म्हणाली, "आक्कालाबी सांग की. पोरं तिचीच हाईत." मी हो म्हटलं आणि आक्काला सांगितलं फक्त एवढंच, की मंगळवारी शाळेला सुट्टी आहे, अकराला पोरांना समाजमंदिरात पाठव. कशासाठी, ते सांगितलं नाही. ती म्हणाली, "पाठवते की," आणि तिने पोरांचे केस विंचरून पाठवले.

मंगळवारी लाईट होती. समाजमंदिराच्या भिंतीला लागूनच चार माग चालू होते. माझ्या वर्गात नेमाने येणाऱ्या चार मुलांना मी आठवडाभर कॉलेजच्या मैदानावर नेऊन मोठ्याने वाचायची सवय लावली होती. ती चौघं ओरडून वाचली. मॅडम खूष झाल्या. मग त्यांनी तनूला पुढे बोलावलं आणि एक पुस्तक हातात दिलं.

तनूने पुस्तक उघडलं. भिंतीपलीकडे माग चालू होते, म्हणून तिने आक्काकडे वाचते तसं वाचायला सुरुवात केली. बोट शब्दाखाली ठेवून, ओठांनी. नवं पुस्तक, कधी न पाहिलेलं, आणि ती अडखळत नव्हती. मला प्रत्येक शब्द कळत होता. एका वाक्याला चित्रातलं मांजर पाण्यात पडतं, तिथे तिने भुवया उचलल्या. मॅडम आवाजाची वाट बघत होत्या. मग वाकून म्हणाल्या, "वाच बाळ." तनूने त्यांच्याकडे पाहिलं. तिला वाटलं असावं, यांना नीट दिसलं नाही. तिने पुन्हा पहिल्यापासून, जास्त सावकाश, ओठ मोठे करून वाचलं. मॅडमनी पुस्तक हळूच काढून घेतलं आणि पुढच्या मुलाला दिलं. त्यानेही तसंच केलं. तिसऱ्या मुलीनेही. मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं.

"मॅडम, ती वाचतेय." एवढंच म्हणायचं होतं. मी म्हटलं नाही. त्या वेळी माझ्या मनात आक्का आली, तिचा ओटा आला, आणि ती साठ नवी पुस्तकं तिच्या मांडीवर दिसली.

बाहेर, आक्काच्या घरासमोर आल्यावर मॅडमनी मला विचारलं, "या मुलांना वाचता येत नाही का अजिबात? कुणी शिकवत नाही?"

मी म्हटलं, "नाही. एका बाईकडे नुसत्या गोष्टी ऐकत बसतात."

पेटी मला मिळाली. त्या संध्याकाळी तनूने मला वेणी घालू दिली नाही. आईकडे गेली. तिने कुणाला काही सांगितलं नाही, मी वाट बघत होते तरी.

पुढे दोन महिन्यांनी आक्का ज्यांच्याकडे कामाला होती त्या मालकाने माग विकायला काढले. तिच्या मुलाला बोरगावकडे काम मिळालं. जायच्या आदल्या दिवशी लाईट गेली तेव्हा मी समाजमंदिरात पेटीतलं पुस्तक वाचत होते. आता मीही लाईट गेल्यावरच वाचायला शिकले होते. आक्का आली आणि पोरांच्या मागे भिंतीला टेकून बसली. मी पुस्तक नीट वाचलं, आवाजात चढउतार करून. झाल्यावर पोरं तिच्या अंगावर पडली. पोरं गेली तशी ती पेटीजवळ आली. तिने एक पुस्तक उचललं, मधून उघडलं आणि पाठीच्या शिवणीवरून अंगठा फिरवला. "शिवण बरी हाय," ती म्हणाली. "पाच-सा वर्सं जातील."

मग माझ्याकडे बघून म्हणाली, "लई चांगलं वाचलीस. पर तनूकडं एकदाबी बघिटली न्हाईस."

माझ्याने राहवलं नाही. मी सगळं सांगून टाकलं. अर्ज, मॅडम, तनूचं वाचन. घाईघाईने बोलत होते, तिला काही कळत असेल असं वाटत नव्हतं. तिने हात वर करून मला थांबवलं.

"ठाव हाय मला," ती म्हणाली. "मशीनवर बसलते. खिडकीतनं तुमी दिसत हुता. तू त्या बाईस्नी 'नाही' म्हणालीस. तुझं बोलणं मला कळत न्हाय एरवी, तेवढं मातर स्वच्छ कळलं."

"मग तवाच का बोलली न्हाईस, आक्का?"

"बोलून काय करू? मालक माग इकनार हे मला दिवाळीपासनं ठाव हुतं. मी जानार. पोरांस्नी कोनतरी पायजे की न्हाय हितं?" तिने हातातलं पुस्तक पेटीत ठेवलं. "तुझा राग आलता. लई आलता. दोन दिस तुझ्या आईसंगट बोलले न्हाय मी. तुझ्या आईला अजून कळलं न्हाय कशापायी."

एवढं बोलून ती हसली. मला वाटलं होतं की ती रडेल किंवा शिव्या देईल. त्यातलं काही केलं असतं तर मी तिच्यापेक्षा थोडी बरी, असं मला वाटून घेता आलं असतं. ते सुद्धा तिने होऊ दिलं नाही. त्या दिवशी मला तिचा जेवढा हेवा वाटला, तेवढा आधी कधीच वाटला नव्हता.

ती गेल्यावर आठ दिवसांनी मी मॅडमना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "अगं, मग तेव्हाच सांगायचं होतंस," एवढंच म्हणाल्या. पेटी परत मागितली नाही. उलट त्यांना आक्काला भेटायचं होतं, ती हे कसं शिकवते ते बघायचं होतं. आक्का बोरगावला गेली असं सांगितलं, तरी एका मंगळवारी त्या मुद्दाम आल्या. मी त्यांना आक्काचा ओटा दाखवला. खोलीत नव्या मालकाने सुताच्या गोण्या रचल्या होत्या. मॅडमनी ओट्याचा फोटो काढला. मी प्रकल्पाच्या वहीत क्रमांक तीनपुढे तिचं नाव लिहून सरांना पुन्हा दाखवलं. सरांना तो उपक्रम आठवत नव्हता.

आता मी बी.एड. करते. समाजमंदिरात तीस-पस्तीस मुलं येतात. उपक्रम तेच, दोऱ्यांचे ढीग, खळीची अक्षरं. मी बरं शिकवते, असं लोक म्हणतात. शेळीची गोष्ट मात्र मी सांगायला घेतली की मोठी पोरं लहानांना सांगतात, आक्काची अशी नव्हती.

तनू आता नऊ वर्षांची आहे. रविवारी ती आईचा मोबाईल घेऊन बसते आणि आक्काला व्हिडिओ कॉल लावते. पलीकडे बोरगावात आक्काचा नातू फोन धरून उभा असतो. दोघी आवाज न करता बोलतात. अर्धा अर्धा तास. मध्येच तनू पोट धरून हसते. मला पडद्यावरची आक्का दिसत नाही, तनूची पाठ दिसते. मी शेजारी पुस्तक उघडून बसते आणि पान उलटायचं विसरते.

परवा कॉल संपल्यावर मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "माझं काय निघालं का बोलण्यात?"

"निघालं की," तनू म्हणाली. "दर खेपेला विचारती. ताई वाचताना पोरांकडं बघती का म्हणून."

"मग? काय सांगितलंस?"

तनूने मोबाईल चार्जिंगला लावला, वायर नीट केली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "सांगितलं. कवाकवा बघती."